खोगिराच्या डोंगरावरची हाक

"बौदी, बाबूंचं नाव काय?"

बौदी म्हणजे बंगालीत वहिनी. निबारण मंडलनं हे विचारलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि आम्ही समुद्राच्या कडेकडेनं, गुळगुळीत गोट्यांवरून तोल सावरत चाललो होतो. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला रान. रान इतकं पुढं आलेलं की काही झाडं खाऱ्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी दिसत होती. वाटाड्या निबारण पुढं, मधे मी, आणि बरंच अंतर ठेवून मागं आमचे हे.

आता नाव मी कसं सांगणार? लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण नवऱ्याचं नाव माझ्या तोंडून एकदाच निघालेलं, उंबऱ्यात नणंदांनी दार अडवलं तेव्हा, उखाण्यातून. मी मागं वळून हाक मारली, "अहो! हा काय विचारतोय बघा."

लाटांच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. निबारणला गेलं.

"अहो," त्यानं मान डोलावली. "अहोबाबू. छान नाव आहे. तोंडात मावतं."

मला हसू आलं. फार दिवसांनी आलं होतं, म्हणून मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.

ही गोष्ट अंदमानातली, मी विशीत होते तेव्हाची. उत्तरेकडच्या बेटावर, डिगलीपूरला, आमचे हे पोलिसांच्या वायरलेसवर होते. गावात सगळे त्यांना वायरलेसबाबू म्हणत. त्यांच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती आणि त्या खिडकीत एक डोंगर होता. नकाशात त्याचं नाव सॅडल पीक. मला ते नाव माहीत नव्हतं तेव्हाच मी त्याला खोगिराचा डोंगर म्हणायला लागले होते, कारण मधे खोलगट आणि दोन्ही टोकांना उचललेला तो डोंगर जत्रेतल्या घोड्याच्या पाठीसारखा दिसायचा. बहुतेक दिवस त्याच्यावर ढग बसलेला असे. चुलीपुढं बसून मी त्या ढगाकडं बघायची. बघायला दुसरं कुणी नव्हतं.

मी माणदेशातली. आमच्याकडं सावली ही विचारून घ्यायची गोष्ट. बांधावर एखादी बाभळ असली तर दुपारी तिच्याखाली मेंढरं, माणसं, कुत्रं, सगळी एका जागी. इथं सावलीच सावली होती, आणि तिच्याखाली कुणी नव्हतं. पाऊस थांबला की झाडं ठिबकायची, झाडं थांबली की पत्रा ठिबकायचा. हे सकाळी ड्युटीवर जात, दिवसभर त्या यंत्रापुढं बोलत, आणि घरी येताना सगळं बोलणं तिथंच ठेवून आल्यासारखे येत. जेवत. ताट उचलून ठेवत. वाईट माणूस नव्हता. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पण भिंतीलाही ओल येते, तेवढंसुद्धा या माणसाच्या अंगावर काही उमटत नाही, असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी मी म्हटलं, "मला घरी जायचंय."

ते रेडिओचा कसलासा तुकडा पुसत होते. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर गुरुवारच्या बोटीचं तिकीट होतं. जायचं. यायचं नव्हतं. का जायचंय हे त्यांनी विचारलं नाही, परत कधी येणार हेही नाही. मी रात्रभर वाट बघितली, की आता विचारतील. सकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "जायच्या आधी काय बघायचं ऱ्हायलंय का?"

मी रागानंच खिडकीकडं बोट दाखवलं.

म्हणून त्या रविवारी आम्ही डोंगरावर निघालो होतो. गुरुवारी मी जाणार होते, आणि परत येईन की नाही ते मला स्वतःला ठाऊक नव्हतं. मला फक्त एक शब्द हवा होता त्यांच्या तोंडचा, "थांब." तो मिळाला असता तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. पण तो न ऐकता बोटीत बसायचं म्हणजे आपण इथं कधी आलोच नव्हतो असं होणार होतं.

किनारा सोडून वाट रानात शिरली आणि अंधारलं. वेताच्या काटेरी वेली पदराला धरत होत्या. निबारण कोयत्यानं त्या तोडत होता, आणि तोडता तोडता बोलत होता. लहानपणी पूर्व बंगालमधून इथं आला तेव्हा हे सगळं जंगल त्याच्या बापानं एकट्यानं साफ केलं, असं त्याचं म्हणणं. थोड्या वेळानं त्या गोष्टीत बापाबरोबर एक हत्तीही आला. आणखी थोड्या वेळानं बाप नुसता बाजूला उभा होता आणि हत्तीच काम करत होता.

"वाट माहीत आहे ना नक्की?" यांनी मागून विचारलं.

"अहोबाबू, डोळे बांधा माझे, तरी नेतो."

"मला काय म्हणतोय हा?" हे माझ्याकडं बघून म्हणाले.

"काही न्हाई. चला तुम्ही."

चढ लागला तशी माझी धाप वाढली. आमच्या गावाकडं टेकड्या आहेत, पण त्यांच्यावर चढताना मागं वळलं की गाव दिसतं, देऊळ दिसतं, आपलं घर कुठलं ते दिसतं. इथं मागं वळलं की झाड, पुढं बघितलं की झाड. किती चढलो हे कळायचं साधनच नाही. मी जीव रमवायला आईची ओवी मनात म्हणू लागले, मग ती ओठांवर आली:

*उंच गं डोंगर, त्याच्या माथ्याला आभाळ*
*लेक दिली दूरदेशी, आई सांगते, सांभाळ*

आई जात्यावर बसली की पुढची ओळ आपसूक यायची. मला पुढची येईना. तेवढ्याच दोन ओळी मी वर चढवत नेल्या. वर कुठंतरी एक पाखरू घुमत होतं, हूऽ... होऽऽ, खोल, मडक्यात तोंड घालून कुणी बोलावं तसं.

"कबूतर," निबारण म्हणाला. "मोठं, हिरवं. दिसत नाही कधी. नुसतं बोलतं."

वाटेत एक ओढा लागला, त्याच्या वरच्या अंगाला आम्ही थांबलो. भाकरी नव्हती, पोळ्या होत्या आणि चटणी. निबारणनं गुडघा चोळत दगडावर बसकण मारली. हे ओढ्यातून बाटली भरून आले आणि माझ्यासमोर ठेवली.

"पाय दुखतोय?"

"न्हाई."

"ट्रंकेला दोरी बांधलीय मी. कुलपाचा भरोसा न्हाई."

"बरं."

"मद्रासला भाऊ येणार हाय न्हवं?"

"येणार हाय."

त्यांनी बाटलीचं बूच काढलं, परत लावलं. मला वाटलं, आता. आता म्हणतील. त्यांनी पोळीचा उरलेला तुकडा मुंग्यांपासून दूर ठेवला आणि उठले.

"चला," म्हणाले.

संपलं, मी मनाशी म्हटलं. डोंगर बघायचा, खाली उतरायचं आणि गुरुवारी जायचं.

वरती झाडं बुटकी व्हायला लागली. खोडांना शेवाळ्याचे जाड सदरे चढलेले. आणि मग तो ढग आला, खिडकीतून रोज बघितलेला. लांबून तो पांढरा शुभ्र, कापसासारखा दिसायचा. आत शिरल्यावर नुसताच ओला आणि करडा. हात लांब केला तर बोटं पुसट दिसत. माझ्या पायाला जळू चिकटली होती. मी एका मुळावर बसून मिठाची पुडी सोडत होते, तेव्हा हे म्हणाले, "तू बस. मी पुढं बघून येतो."

"लांब जाऊ नका," निबारण म्हणाला. "पलीकडच्या अंगाला कडा आहे."

ते ढगात गेले. आधी पाय गेले, मग पाठ, मग डोक्याला बांधलेला पंचा.

जळू निघाली, रक्त थांबलं, आणि ते आले नाहीत.

"येतील," निबारण म्हणाला.

आणखी थोडा वेळ गेला. ढग अंगावरून वाहत होता. त्याचा आवाज नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटत होती.

"अहोबाबूऽऽ!" निबारणनं तोंडापुढं हात धरून हाक दिली. "ओ अहोबाबू!"

उत्तर नाही. तो चार पावलं या अंगाला गेला, चार त्या अंगाला, आणि दोन्हीकडून घाईनं परत आला. त्याचा चेहरा बघून मला कळलं, डोळे बांधून नेणाऱ्याला डोळे उघडे असतानाही इथली वाट माहीत नव्हती.

"बौदी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी ओढ्यापर्यंत बघून येतो. चुकून दुसऱ्या वाटेनं खाली उतरले असतील. तू इथून हलू नको. हललीस तर मग दोघांना शोधावं लागेल."

"मला एकटीला—"

"हे झाड धरून बस."

आणि तोही गेला. त्याचा कोयता फांद्यांवर खटखटत खाली उतरत गेला, मग तेही थांबलं.

मी झाड धरून उभी राहिले. एवढ्या महिन्यांत मला वाटत होतं, आपण एकट्या आहोत. ते एकटेपण नव्हतंच. पलीकडच्या खोलीत बूट काढल्याचा आवाज, तांब्या ठेवल्याचा आवाज, रात्री कुशीवर वळणारं एक माणूस, हे सगळं होतं. ते मोजलंच नव्हतं मी कधी. आता काहीच नव्हतं. मी आणि ओलं खोड.

"अहोऽऽ!" मी ओरडले.

"होऽऽ..." वरून आलं.

माझा जीव भांड्यात पडला. "अहोऽ, कुठं आहात?"

"हूऽ... होऽऽ."

"इकडं या! मी इथंच हाय!"

"होऽऽ." या वेळी डावीकडून. मग उजवीकडून आणखी एक. मग खालून. सगळं रान मला हो म्हणत होतं.

कबूतरं होती ती. आणि तिथं उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं, की मला जर ती कबूतरं यांच्यासारखी ऐकू येतात, तर यांना मीसुद्धा कबूतरासारखीच ऐकू येत असणार. मी घसा फोडून अहो अहो करत होते, आणि ढगात कुठंतरी, कड्याच्या तोंडाशी उभा असलेला माणूस म्हणत असेल, केवढी पाखरं आहेत इथं. आमच्याकडं बायका ज्याला हाक म्हणतात, ती हाक नव्हतीच. त्या रानातलं कुठलंही पाखरू ती मारत होतं.

नाव घ्यायला हवं होतं.

मी तोंड उघडलं आणि घसा बंद झाला. तुम्हाला हे खोटं वाटेल. माणूस कड्यावरून जाईल की काय अशी वेळ, आजूबाजूला चिटपाखरू नाही, म्हणजे पाखरंच आहेत पण माणूस नाही, आणि मला नवऱ्याचं नाव घेता येईना. जीभ टाळ्याला लागे आणि तिथंच राही. आईनं, आजीनं, चुलतीनं, सगळ्यांनी मिळून आतून कडी लावली होती. ती कडी उघडायची एकच वाट मला ठाऊक होती, उंबऱ्यातली. मी डोळे मिटले, आणि त्या डोंगरावर, ढगात, एकटी, गळा काढून उखाणा ओरडले:

"बाजरीच्या कणसावर पाखरांची दाटी! त्रिंबकरावांचं नाव घेते पाचजणींसाठी!"

पाखरं गप्प झाली. सगळी. एकदम.

मग मी उखाणाही सोडला. "त्रिंबकराव! त्रिंबक! ए त्रिंबक!"

"ओ."

इतक्या जवळून आली ती ओ, की मी दचकले. लांबून नाही, कड्यावरून नाही. आमच्या गावच्या घरात माजघरातून परसात जेवढं अंतर, तेवढ्यावरून. मी हात पुढं करून, झाडाला झाड धरत गेले. एका खडकावर ते बसले होते. पंचा मांडीवर, हात पंच्यावर. हरवल्यासारखे अजिबात दिसत नव्हते.

"इथं?" मी म्हटलं. "इथं बसलाय तुम्ही?"

"हं."

"ऐकू येत नव्हतं?"

त्यांनी मांडीवरचा पंचा सरळ केला.

"मी अहो अहो करून मरतेय तिथं! ऐकू येत होतं का न्हाई?"

"येत होतं."

मी हातातली मिठाची पुडी त्यांच्या अंगावर फेकली. "मग ओ का न्हाई दिलीत? मला वाटलं, गेला तुम्ही. कड्यावरनं गेला! माणूस हाय का दगड?"

त्यांनी अंगावरचं मीठ झटकलं नाही. "पहिल्यांदा वाटलं, पाखरू हाय," ते म्हणाले. "मग कळलं तूच हाईस. उठणार होतो. तर तू परत हाक मारलीस. मग म्हणलं, आणखी एक ऐकू."

"कशापायी?"

"दिवसभर यंत्रावर मला लोक बोलावत्यात. डिगली तीन, डिगली तीन. मी ओ देतो. माझ्या जागी दुसरा बसला तर तोबी डिगली तीन. गावात वायरलेसबाबू. आई गेली तवापासनं..." ते थांबले. असं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती, श्वास कुठं घ्यायचा ते त्यांना कळत नव्हतं. "घरात तू कवा हाक मारत न्हाईस. येऊन जवळ उभी ऱ्हातीस. मग सांगतीस, ताट वाढलंय. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी ओरडत होतं. वाईट केलं मी. पण उठवलंच न्हाई."

मी त्यांच्या समोर खाली बसले.

"मग तिकीट का आणलंत लगेच?"

"तू म्हणलीस जायचंय."

"थांब म्हणता येत न्हाई तुम्हाला?"

"म्या म्हणलं तर तू थांबशील," ते म्हणाले. "तुला सांगितलं की तू करतीस. मग ते थांबणं माझं झालं. तुझं न्हाई."

ढग आमच्या दोघांच्या मधून जात होता, कधी त्यांचा चेहरा दिसे, कधी नुसते खांदे.

"जायच्या आधी एक कर," ते म्हणाले. "परत एकदा घे."

"काय?"

"नाव."

मी प्रयत्न केला. देवाशपथ केला. पण समोर तो चेहरा, ते ओले डोळे, आणि माझ्या गळ्यातली कडी परत लागलेली. मी मान हलवली. मग त्यांना काहीतरी सुचलं. उठले, वळले, आणि कड्याच्या उलट्या अंगाला, ढगात चालत गेले. आधी पाय दिसेनासे झाले, मग पाठ, मग पंचा. तिथून आवाज आला, "आता बघ."

समोर कुणी नव्हतं. नुसता पांढरा ढग. मी हाक मारली. उखाणा नाही, राव नाही, मागं काही नाही, पुढं काही नाही. एवढंसं नाव.

"ओ," ते म्हणाले.

मी परत मारली. त्यांनी परत ओ दिली.

किती वेळ आमचं हे चाललं होतं कुणास ठाऊक. फांद्या मोडत, धापा टाकत निबारण वर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, गुडघ्याचं की भीतीचं ते त्यालाच माहीत.

"बौदी, त्रिंबक कोण?" तो घाबरून म्हणाला. "आणखी एक माणूस हरवला का?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. मोडक्या हिंदीत मी त्याला सगळं समजावलं, अहो म्हणजे काय, आमच्याकडं नाव का घेत नाहीत. ऐकून त्यानं कपाळावर हात मारला.

"म्हणजे ओगो!" तो म्हणाला. "माझी बायको मला ओगो म्हणते! आणि मी सकाळपासून या माणसाला ओगोबाबू म्हणतोय!"

माथ्यावर आम्ही पोचलो, पण तिथून काही दिसलं नाही. ना समुद्र, ना बेटं. ढगच होता. थोडं थांबून आम्ही उतरलो. उतरताना हे पुढं चालले होते, आणि वाट वळली की मला दिसेनासे व्हायचे.

गुरुवारी मी बोटीत बसले. तुम्हाला वाटेल, राहिले असेन. नाही. ट्रंक बांधलेली होती, भाऊ मद्रासला निघाला होता, आणि त्यांनी थांब म्हटलं नाही. जेटीवर आम्ही दोघंही काही बोललो नाही. चार माणसांत काय बोलणार.

माहेरी सगळे होते. आई, वहिन्या, त्यांची पोरं, ऊन, बाभळ, अंगणात सांजेला बोलायला येणाऱ्या बाया. सगळं जसं मला आठवत होतं तसंच. आई जात्यावर बसली की मी तिच्यासमोर बसायची. एकदा दळताना मला पुढची ओवी सुचली, आणि त्यात त्यांचं नाव येत होतं, म्हणून मी ती गिळली. आईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, खडा लागला दाताखाली. त्या भरलेल्या घरात मला हाका मारणारी माणसं ढीगभर होती. मला मात्र मारण्यासारखी हाक एकच होती, आणि ती तिथं कुणासमोर तोंडातून काढायची सोय नव्हती. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मी भावाला म्हटलं, मला मद्रासपर्यंत पोचवून ये. तो म्हणाला, बोलावणं आलंय का? मी म्हटलं, नाही.

बोट जेटीला लागली तेव्हा दुपार होती आणि ही गर्दी. हमाल, पोलीस, कोंबड्यांच्या पाट्या, नातलगांना न्यायला आलेली माणसं. हे जेटीच्या पार त्या टोकाला, सरकारी पेट्या उतरवून घेत होते, पाठ माझ्याकडं. मी येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचे साहेब शेजारी उभे होते, साहेबांची बायको होती, पोस्टातला कारकून होता. ट्रंक धरून मी बोटीतून उतरायच्या फळीवर उभी राहिले, मागची माणसं मला ढकलत होती.

मी हाक मारली. सगळी जेटी वळून बघायला लागली.

त्यांनी आधी ओ दिली. मी कुठं आहे ते मग शोधलं.